दिनविशेष : २ जानेवारी
१९४३ : सिद्धगडाच्या जंगलात पहाटे पोलीस अधिकारी हॉलच्या तुकडीने ‘आझाद दस्ता’ या भूमिगत क्रांतिकारी गटाला वेढले. मानिवलीचे हिराजी गोमाजी पाटील आणि माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल गोळीबारात हुतात्मा झाले. नाभिक घरात जन्मलेले भाई तेव्हा अवघे तीस वर्षांचे. शेतकऱ्यांना सावकारी पाशातून सोडवण्यासाठी त्यांनी धान्यकोठ्या काढल्या होत्या. करवत हाती आली ती नंतर.

ही करवत नेमक्या जागी चालली. खालापुरातल्या खोपोलीची वीज १९१५पासून, कर्जतमधल्या भिवपुरीची १९२२पासून मुंबईच्या गिरण्यांना जात होती, आणि १९४२ साली गिरण्या युद्धाच्या कामाला जुंपल्या होत्या. दस्त्याची माणसं रात्री डोंगरात शिरून विजेच्या मनोऱ्यांचे पोलादी पाय कापत. मनोरा कोसळला की तिकडे मुंबईत यंत्रं थंड!

१९४२च्याच नोव्हेंबरात लंडनमध्ये चर्चिल बजावत होते, की साम्राज्य मोडीत काढायला मी पंतप्रधान झालेलो नाही. रोख अमेरिकेकडेही होता. हिंदुस्थानाबाबत रूझवेल्ट यांची चुळबुळ त्यांना खुपत होती. तरी पुढे पाच वर्षांच्या आत युनियन जॅक उतरला. आजही २ जानेवारीला सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना मानवंदना दिली जाते.