मुलांवर पडलेला शेरा

फायलीवर एकदा शेरा पडला की तो पुसणं किती कठीण, हे आम्हा कारकुनांना ठाऊक असतं. बायपोलर या आजाराचा शेरा मुलांवर कसा पडत गेला, ते वाचताना हेच आठवत होतं.

जर्मन डॉक्टर एमिल क्रेपेलिन यांनी उन्माद आणि खिन्नतेच्या पाळ्या एकाच आजारात बसवल्या. त्यांच्या सुमारे ९०० रुग्णांत दहा वर्षांआधी सुरुवात झालेले अर्धा टक्काही नव्हते. पुढे तर मुलांना हा आजार होतच नाही, अशी समजूत रूढ झाली.

१९९० नंतर अमेरिकेत एकदम उलटं. बोस्टनच्या जोसेफ बीडरमन यांच्या गटाने तीव्र चिडचिडही उन्मादात धरली. १९९४-९५ ते २००२-०३ या काळात तिथे मुला-किशोरांच्या या निदानासाठीच्या डॉक्टरभेटी सुमारे ४० पट झाल्या! आजार इतका कसा वाढेल? व्याख्याच सैल झाली, असं माझं मत. औषधं मात्र खरीच होती, वजन वाढवणारी, पोरांना सुस्त करणारी.

एलन लायबेनलुफ्ट यांच्या गटाने अशा सतत चिडणाऱ्या मुलांचा पाठपुरावा केला. मोठेपणी त्यांच्यात उन्माद क्वचितच, नैराश्य आणि चिंताच अधिक आढळली. अखेर २०१३ साली अमेरिकी निदान-पुस्तकात या मुलांसाठी वेगळं नाव आलं.