अडलेला कॅमेरा आणि चंद्रावरची स्वारी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी जुनी छायाचित्रे जमविण्याचे काम संपादक-समितीने आमच्याकडे सोपविले, तेव्हा मंडळाच्या कार्यालयातील लोखंडी कपाट आम्ही प्रथमच तळापर्यंत उपसले. हिशेबाच्या वह्या, नाटकांची हस्तपत्रके, गणेशोत्सवाच्या वर्गणीची पावतीपुस्तके निघाली, आणि या साऱ्यांच्या खाली कातडी पिशवीत ठेवलेला एक कॅमेरा निघाला. मंडळाच्या आरंभीच्या काळात सभासदांनी वर्गणी काढून घेतलेला हा कॅमेरा आमच्या बालपणी मोठ्या अपूर्वाईची वस्तू होती. त्यास हात लावण्याचा अधिकार एकट्या कार्यवाहांना असे.

आता त्याची अवस्था दयनीय होती. खटका दाबावा तर आतला पडदा अर्ध्यावर अडे. फिल्म पुढे नेण्याचा दांडा कधी घट्ट, कधी सैल फिरे. मात्र मोजणीच्या बारीक खिडकीत २३ हा आकडा स्पष्ट दिसत होता. याचा अर्थ उघड होता : आत फिल्म होती, आणि ती कोणी कधी धुऊन घेतलीच नव्हती.

दिल्लीत राहणाऱ्यांना चांदणी चौकातील कूचा चौधरी ही गल्ली ठाऊक असेल. छायाचित्रणाच्या सामानाची ही जुनी बाजारपेठ. तेथील एका जिन्याखालच्या खोलीत बसणाऱ्या वृद्ध कारागिराने काळ्या कापडी पिशवीत हात घालून प्रथम फिल्म सुखरूप बाहेर काढली आणि मग कॅमेरा उघडला. आतले तेल वर्षानुवर्षांत घट्ट होऊन चिकटा झाला होता. प्रकाश आत शिरू नये म्हणून लावलेल्या स्पंजाच्या पट्ट्यांचे डांबर झाले होते. शिवाय फिल्म उलटी गुंडाळताना दाबावयाचे बटण अधूनमधून आतच अडकून बसे. तसे झाले की दांडा फिरे, आकडा पुढे जाई, फिल्म मात्र जागची हलत नसे. “साहब, यह बिगड़ा नहीं है, पड़े पड़े जम गया है,” असे सांगून त्यांनी पंधरा दिवसांची मुदत मागितली.

त्या दुकानाच्या बाकावर बसलो असता आम्हांस पॅरिसमधला एक अडलेला कॅमेरा आठवला. विज्ञानपटांची आवड आम्हांस महाविद्यालयीन दिवसांपासून आहे. या चित्रपटांचा इतिहास पाहू गेल्यास त्याच्या उगमाशीच एक नादुरुस्त यंत्र उभे असलेले दिसते, आणि त्याची कथा मोठी मनोरंजक आहे.

जॉर्ज मेलिएस हा इ. स. १८६१ मध्ये पॅरिस येथे जन्मला. वडिलांचा पादत्राणांचा कारखाना होता. तेथील यंत्रे दुरुस्त करता करता यंत्रविद्या त्याच्या अंगी मुरली. मन मात्र जादूच्या प्रयोगांत गुंतलेले. १८८८ साली त्याने जादूचे एक प्रसिद्ध नाट्यगृहच विकत घेतले. २८ डिसेंबर १८९५ रोजी ल्युमिएर बंधूंनी पॅरिसच्या ग्रँड कॅफेत चलच्चित्रांचा पहिला जाहीर खेळ केला, त्या वेळी मेलिएस तेथे हजर होता. त्याने यंत्र विकत मागितले. ल्युमिएरांनी नकार दिला. तेव्हा गृहस्थ लंडनला गेला, रॉबर्ट पॉल यांच्याकडून चित्रे दाखविण्याचे यंत्र विकत घेतले, आणि त्यात फेरफार करून चित्रे घेण्याचा कॅमेरा बनविला. तो चालताना इतका खडखडाट करी की मेलिएस त्यास कॉफी दळण्याच्या यंत्राची उपमा देई.

अशा घरगुती यंत्राने तो एके दिवशी पॅरिसच्या ओपेरा चौकातील रहदारी टिपत होता. मध्येच फिल्म अडकली. ती सोडवून यंत्र पुन्हा सुरू करावयास मिनिटभर गेले असेल. तेवढ्यात चौकातली माणसे आणि वाहने अर्थातच पुढे सरकली होती. पुढे ती फिल्म पडद्यावर पाहतो तो काय, चालत्या प्रवासी गाडीची क्षणार्धात प्रेतवाहिनी झाली, आणि पुरुषांच्या स्त्रिया झाल्या! ही हकीकत मेलिएसने स्वतःच १९०७ साली लिहून ठेवली आहे. काही अभ्यासक तीत तिखटमीठ असावे असे मानतात. कॅमेरा थांबवून वस्तू बदलण्याची युक्ती अमेरिकेत एडिसनच्या कंपनीने १८९५ मध्येच वापरली होती, हेही खरे. परंतु त्या युक्तीचे सामर्थ्य ओळखून तिच्यावर एक अवघी सृष्टी उभारली ती मेलिएसने, याविषयी दुमत नाही.

या सृष्टीचे शिखर म्हणजे १९०२ सालचा ‘चंद्रावरची स्वारी’. ज्यूल व्हर्नची १८६५ मधील चंद्रप्रवासाची कादंबरी आणि एच. जी. वेल्सची १९०१ मधील कादंबरी यांची छाया तीवर आहे. पंडितांची सभा भरते, प्रचंड तोफेतून गोळा उडतो, आणि तो चंद्राच्या डोळ्यात जाऊन रुततो. चंद्रावरच्या प्राण्यांवर छत्रीचा फटका बसताच ते धुराच्या लोटात नाहीसे होतात. हे नाहीसे होणे म्हणजेच ओपेरा चौकातला तो अडथळा. आता तो चुकून येत नव्हता. जादूगार तो ठरवून घडवीत होता. अवघ्या पाव तासाचा हा मूकपट विज्ञानपटांचा आद्य पुरुष गणला जातो. तो पाहताना कथेतील विज्ञान कच्चे म्हणून हसू नये. कोणता क्षण कॅमेरा थांबवून साधला आहे, ते शोधीत पाहावे. मग त्याची गोडी कळते.

या चित्रपटाच्या काही प्रती रंगीत होत्या. त्या काळी रंगीत फिल्म कोठली? पॅरिसमधील एलिझाबेथ थुइलिए या बाईंच्या कारखान्यात दोनशेच्या आसपास स्त्रिया बारीक कुंचल्यांनी एकेक चौकट हाताने रंगवीत. एकीने एकच रंग भरावयाचा आणि फिल्म पुढच्या बाईकडे द्यावयाची, अशी कामाची वाटणी होती. जगाने मेलिएसचे नाव लक्षात ठेवले. या रंगविणाऱ्या स्त्रियांपैकी बहुतेकींची नावे मात्र कोणास ठाऊक नाहीत.

मेलिएसचे उत्तरायुष्य कष्टात गेले. धंदा बुडाला, आणि १९२३ साली उद्विग्न होऊन त्याने आपल्या मूळ फिल्म स्वतःच्या हाताने जाळल्या. पुढे पॅरिसच्या माँपारनास स्थानकावर खेळणी आणि गोळ्या विकण्याचे लहानसे दुकान तो चालवी. त्याच्या पाचशेहून अधिक चित्रपटांपैकी निम्म्याहून कमीच आज उपलब्ध आहेत. चंद्रस्वारीची रंगीत प्रत तर कायमची गेली असेच सर्व धरून चालले होते. १९९३ मध्ये स्पेनमधील बार्सिलोना येथील चित्रपट-संग्रहालयाकडे ती आली, पण चिकटून घट्ट गोळा झालेल्या स्थितीत. जाणकारांनी ती अत्यंत धीराने सुटी केली, तेरा हजारांवर चौकटींची एकेक करून डागडुजी केली, आणि २०११ साली कान येथील महोत्सवात ती पुन्हा पडद्यावर आली. ते अज्ञात कुंचल्यांचे रंग शंभर वर्षांनंतर लोकांनी पाहिले.

जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ लांग याच्या ‘मेट्रोपोलिस’चे नशीब असेच. भुयारात राबणारे कामगार आणि वर उंच मनोऱ्यांत राहणारे धनिक अशा भविष्यातील नगराचा हा चित्रपट १० जानेवारी १९२७ रोजी बर्लिन येथे प्रथम दाखविला गेला. लवकरच वितरकांनी त्यास कात्री लावली, आणि कापलेला भाग नष्ट झाला असे मानले गेले. २००८ साली दूर अर्जेंटिनातील ब्यूनोस आयर्सच्या चित्रपट-संग्रहालयात जवळजवळ पूर्ण अशी एक प्रत सापडली. ती लहान आकाराच्या फिल्मवर उतरविलेली, ओरखड्यांनी भरलेली. दुरुस्त केलेला चित्रपट २०१० साली बर्लिनमध्ये दाखविण्यात आला, तेव्हा सुमारे पंचवीस मिनिटांचा गमावलेला भाग त्यात परतला होता. त्या भागावरचे ओरखडे पुरते गेलेले नाहीत. पाहणाऱ्यास जोड कोठे आहे ते दिसते. आम्हांस ते खटकत नाही. आजीच्या लुगड्याला मारलेला रफू दिसला म्हणून लुगड्याची किंमत कमी होत नाही.

आणखी चाळीस वर्षांनी, १९६८ साली, स्टॅन्ली कुब्रिकने आर्थर क्लार्क यांच्या सहकार्याने ‘२००१ : ए स्पेस ओडिसी’ निर्माण केला. या भव्य चित्रपटाच्या मध्यभागीही एक दुरुस्तीच आहे, हे फारसे कोणी बोलून दाखवीत नाही. गुरूच्या वाटेवर निघालेल्या यानाचा संगणक सांगतो की पृथ्वीशी संपर्क ठेवणाऱ्या यंत्रणेतील एक भाग बहात्तर तासांत निकामी होईल. अंतराळवीर यानाबाहेर जाऊन तो भाग काढून आणतो, तपासतो, आणि त्यात दोष मिळत नाही. मग दोष कोणात, हा प्रश्न उभा राहतो, आणि तेथून अनर्थ सुरू होतो. त्या संगणकाचा डोळा म्हणजे एक तांबडे भिंग, कॅमेऱ्याचेच भिंग. मेलिएसच्या कथेत कॅमेरा चुकतो आणि माणूस त्यातून शिकतो. कुब्रिकच्या कथेत यंत्रास आपली चूक मान्यच नाही. सहासष्ट वर्षांत विज्ञानपटाने केवढी मजल मारली, ते या दोहोंच्या तुलनेत दिसते.

आपल्या मातीतील उदाहरण तर सर्वांच्या परिचयाचे आहे. दादासाहेब फाळके हे मेलिएसप्रमाणेच जादूचे प्रयोग जाणणारे आणि यंत्र खोलून पाहणारे गृहस्थ. काही काळ ते सरकारच्या पुरातत्त्व खात्यात नोकरीस होते, ही गोष्ट आमच्यासारख्या सरकारी नोकराने अभिमानाने सांगावी. त्यांनी ती नोकरी सोडली म्हणून पुढचे सारे घडले, हेही प्रामाणिकपणे सांगावे. १९१२ साली लंडनहून त्यांनी विल्यमसन बनावटीचा कॅमेरा आणला. भांडवल मिळविण्यासाठी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरून, रोज थोडी थोडी चित्रे घेऊन, अंकुराची महिनाभराची वाढ पडद्यावर क्षणांत दाखविली. हीदेखील थांबत थांबत चालविलेल्या कॅमेऱ्याचीच करामत. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. या उद्योगात सरस्वतीबाई फाळके अंधाऱ्या खोलीत बसून कोऱ्या फिल्मच्या कडांना भोके पाडीत, फिल्म धुण्याच्या कामात हातभार लावीत, आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही करीत. प्रेक्षकांस त्या दिसल्या नाहीत. त्यांच्या हातांवाचून चित्रही दिसले नसते.

तिकडे कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी कॅमेरा स्वतःच घडविण्याचा ध्यास घेतला. १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी दामले यांच्या साहाय्याने ते काम तडीस नेले, आणि त्या कॅमेऱ्याच्या बळावर महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली पडद्यावर आला. विलायती यंत्र परवडत नाही म्हणून हात जोडून बसणारी ही माणसे नव्हती.

असो. पंधरा दिवसांनी आम्ही कूचा चौधरीत गेलो. कॅमेरा खट्‌कन वाजला, तेव्हा कारागिराच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहण्याजोगा होता. फिल्मही त्यांनी ओळखीच्या ठिकाणी धुऊन आणविली होती. बहुतेक भाग काळवंडलेला होता. सहा चित्रे काय ती ओळखू येत होती. त्यांपैकी पाच सामान्य. सहाव्याने मात्र आमचे भान हरपले.

ते बटण अडकल्याने एकाच चौकटीवर दोन चित्रे उमटली होती. खालचे चित्र स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठाचे : पाहुणे, अध्यक्ष, कार्यवाह, सारे कोट-टोपी घालून बसलेले. त्यावर दुसरे, मागच्या मुदपाकखान्याचे : पदर खोचून पुऱ्या लाटणाऱ्या पाच स्त्रिया. दोन्ही मिळून असा देखावा झाला आहे की, त्या पाच जणी पोळपाट-लाटण्यासह थेट व्यासपीठावर, अध्यक्षांच्या शेजारी बसल्या आहेत. मंडळाच्या कपाटातून निघालेल्या शंभराहून अधिक समूहचित्रांत स्वयंपाकघरातील कोणीही आम्हांस आढळले नाही. छायाचित्राची वेळ होई तेव्हा त्या पंगतीच्या तयारीत असत. आमची आईही त्यांत असे, आणि तिचेही मंडळातले एकही छायाचित्र नाही. या चित्रात डावीकडून दुसरी ती आहे.

कॅमेरा नीट चालता तर ही दोन चित्रे वेगवेगळी आली असती, आणि स्मरणिकेसाठी आम्ही नेहमीप्रमाणे व्यासपीठाचे निवडले असते, हे कबूल केले पाहिजे.

हे चित्र स्मरणिकेत पानभर छापावे, अशी विनंती आम्ही समितीस केली आणि ती मान्य झाली. अडचण एकच उरली आहे. खाली नावे घालावयाची, तर पाचांपैकी तिघींचीच आम्हांस ठाऊक आहेत. वर्गणीच्या वह्यांत पाहावे, तर तेथे केवळ यजमानांची नावे. उरलेल्या दोघींपैकी एकीच्या हातात जाड पाटल्या आहेत, आणि दुसरी, चष्मा लावलेली, कॅमेऱ्याकडे पाहून हसते आहे. वाचकांपैकी कोणाची ती आई, मावशी वा आजी असेल, तर मंडळास अवश्य कळवावे. यजमानांचे नव्हे, त्यांचे स्वतःचे नाव कळवावे. छपाईस अद्याप अवकाश असेपर्यंत ती जागा आम्ही रिकामी ठेवली आहे. आणि पुस्तक छापून हाती आल्यावर कळले, तर मंडळाच्या प्रतीत ते नाव आम्ही शाईने लिहून ठेवू.