रांजणापासून रांजणापर्यंत: कुकडीच्या काठाने जुन्नर

आजचा भाग एका साध्या प्रश्नावर आहे. मी रांजणगावात राहतो म्हटलं, की पाहुणे महागणपतीचं दर्शन घेतात, हायवेला चहा पितात आणि मग विचारतात, "जवळपास डोंगर कुठेय? एखादा ट्रेक सांग ना." आता आमच्या रांजणगावात काय आहे? देऊळ आहे, एमआयडीसी आहे, ऊस आहे आणि नगर रोडचं ट्रॅफिक आहे. डोंगर म्हणाल तर नजर जाईल तिथपर्यंत माळ.

पण माझ्याकडे उत्तर आहे. जुन्नर. आणि मी सांगतो की थेट जुन्नरला जाऊ नका, नदी पकडून जा. नदीचं नाव कुकडी. ती आमच्या शिरूर तालुक्याच्या सीमेवर येते आणि निघते सह्याद्रीच्या कड्याजवळ. तिच्या उलट्या दिशेने वर गेलं की डोंगर येतो, किल्ला येतो, लेणी येतात आणि शेवटी दोन हजार वर्षं जुना रस्ता येतो. सुरुवातीला एक रांजण भेटतो, शेवटी दुसरा. ज्यांना रांजण माहीत नाही त्यांच्यासाठी: घरात पाणी साठवायचं मोठं मातीचं भांडं. आजीच्या घरी अर्धा जमिनीत पुरलेला असायचा तो.

पहिला थांबा, टाकळी हाजी आणि निघोज. नदीच्या या काठाला शिरूर तालुक्यातलं टाकळी हाजी, पलीकडे पारनेर तालुक्यातलं निघोज. मधे कुकडीचं पात्र, आणि पात्रात काळ्या दगडात कोरल्यासारखे शेकडो खड्डे. त्यांना रांजणखळगेच म्हणतात. दोन्ही काठांवर मळगंगा देवीची देवळं आहेत. हे खड्डे कुणी कोरलेले नाहीत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास लाव्हा थंड होऊन हा बेसाल्ट तयार झाला. त्यावरून पाणी वाहायला लागलं. खडकात जिथे छोटी खाच होती तिथे भोवरा झाला, भोवऱ्यात गोटे अडकले आणि ते गरगर फिरत राहिले. दरवर्षी पूर, दरवर्षी थोडं घासणं. मिक्सरच्या भांड्यासारखं, फक्त हजारो वर्षं चालू असलेलं. पाणी कमी असताना गेलात तर काही खळग्यांच्या तळाशी ते गोल गोटे अजून पडलेले दिसतात.

इथे काय करायचं? काठावर बसून बघायचं. पोहायचं नाही, कडेवर उभं राहून सेल्फी काढायचा नाही. दगड गुळगुळीत आहे आणि खळगे खोल आहेत, आत पडलेल्याला धरायला काही मिळत नाही. पुढचं सगळं ऐकलं नाहीत तरी चालेल, पण एवढं लक्षात ठेवा.

तिथून नारायणगावमार्गे जुन्नर. वाटेत कुकडीच्याच काठावर ओझरचा विघ्नहर आहे. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, आणि त्या विजयानंतर या देवळाच्या शिखराला सोन्याचा मुलामा दिला असं सांगतात. म्हणजे कोकणातल्या लढाईची खूण घाटावरच्या देवळात. हे लक्षात ठेवा, कारण जुन्नरची सगळी गोष्ट घाटाच्या वरची आणि खालची अशी दोन जगं जोडण्याची आहे.

आता शिवनेरी. 19 फेब्रुवारी 1630, शिवाजी महाराजांचा जन्म. हे आपल्याला पहिल्या इयत्तेपासून पाठ आहे. पण तिथे चढताना दोन गोष्टी बघा. एक, सात दरवाजे. प्रत्येक दरवाजापाशी थांबा आणि विचार करा, की आपण शत्रू असतो तर वरून कुठून दगड आला असता. दुसरी, पाणी. गडावर गंगा-जमुना टाकी आहेत, बदामी तलाव आहे आणि कातळात खोदलेली कितीतरी टाकी आहेत. पाण्याशिवाय गड म्हणजे नुसता डोंगर.

आणि एक गोष्ट जी आपण विसरतो. महाराजांनी 1657 मध्ये जुन्नर शहरावर छापा घातला, तेव्हा 3 लाख होन आणि 200 घोडे हाती लागले असं बखरकार आणि इतिहासकार सांगतात. एका रात्रीत एवढी संपत्ती देणारं हे गाव किती श्रीमंत असेल बघा. पण ज्या गडावर ते जन्मले तो शिवनेरी त्यांच्या हयातीत स्वराज्यात आला नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरंच थांबलो. शिवाई देवीच्या देवळापाशी उभं राहिलं की आता ते आठवतं.

त्याआधीचा इतिहास पण इथलाच. मलिक अहमदने 1490 मध्ये बहमनी सत्ता झुगारून निजामशाही उभी केली ती जुन्नरमधून. अहमदनगर शहर त्यानंतर, 1494 मध्ये वसवलं. आमचा नगर रोड ज्या शहराकडे जातो, त्या शहराचं मूळ इथे डोंगरात आहे.

मग लेणी. जुन्नरच्या भोवतीच्या डोंगरांत दोनशेहून जास्त खोदकामं आहेत. लेण्याद्री सगळ्यांना माहीत असते, गिरिजात्मजामुळे. गंमत बघा, रांजणगाव, ओझर आणि लेण्याद्री हे तिन्ही अष्टविनायकातले आणि एका दिवसात होतात. पण बहुतेक लोक लेण्याद्रीला पायऱ्या चढतात, दर्शन घेतात आणि उतरतात. शेजारचं चैत्यगृह बघतच नाहीत. तुम्ही बघा. आणि वेळ असेल तर तुळजा लेणीला जा. तिथे एक गोल चैत्य आहे, मधे स्तूप आणि भोवती 12 अष्टकोनी खांब. तिथे बहुतेक वेळा कुणीच नसतं. आपला आवाज घुमतो.

या लेण्यांतले शिलालेख मला सगळ्यात आवडतात, कारण ते राजांचे कमी आणि साध्या माणसांचे जास्त आहेत. कोण व्यापारी, कोण कारागीर, कोण परदेशी. इरिल नावाचा एक यवन होता. यवन म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेला. त्याच्या लेखात एवढंच आहे, की त्याने दोन पोढी दान दिल्या. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. चित नावाच्या दुसऱ्या यवनाने भोजनमंडप दिला. समुद्र ओलांडून आलेली माणसं इथे पाण्याची आणि जेवणाची सोय करून गेली. राजवाडा नाही, पुतळा नाही. पाणी.

आता शेवटचा टप्पा. जुन्नरहून पश्चिमेला तीसेक किलोमीटर. वाटेत चावंड किल्ला लागतो, त्याच्यावर सात टाक्यांचा एक समूह आहे, त्याला सप्तमातृका म्हणतात. पुढे पूर गावात कुकडेश्वराचं जुनं दगडी शिवमंदिर. कुकडीचा उगम इथला मानतात. निघोजला एवढाले दगड पोखरणारी नदी इथे एवढीशी असते. तिथून पुढे घाटघर, आणि मग जमीन संपते. समोर कोकण, बाजूला जीवधन किल्ला आणि त्याला लागून वानरलिंगीचा सुळका. 1818 मध्ये इंग्रजांनी जीवधनच्या पायऱ्या सुरुंग लावून फोडल्या, म्हणून आजही तो चढताना जपून चढावं लागतं.

हा नाणेघाट. मी पहिल्यांदा आलो तो जुलैत, कंपनीतल्या चार मित्रांबरोबर, बाइकवर. उलटा धबधबा बघायला. पाणी खाली पडायच्या ऐवजी वाऱ्याने वर उडतं. पावसाळी वारा कोकणातून येतो, कड्याला धडकतो आणि वर चढतो, त्याबरोबर पाणी पण. आम्ही भिजलो, रील काढली, मक्याचं कणीस खाल्लं आणि परत आलो. त्या घळीत पन्नास पावलं खाली एक गुहा आहे हे मला माहीत होतं, पण आत जाऊन दोन मिनिटं पावसापासून आडोसा घेतला एवढंच. भिंतीकडे बघितलंच नाही.

त्या भिंतीवर सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा, ब्राह्मी लिपीत. तिने आणि राजा सातकर्णीने केलेले यज्ञ आणि त्यात दिलेली दक्षिणा: गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण, म्हणजे नाणी. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता वर नावं आहेत आणि खाली जेमतेम पावलांच्या खुणा.

मी दिवसभर आकड्यांशी खेळणारा माणूस, त्यामुळे मला पकडलं ते आकड्यांनी. पंडित भगवानलाल इंद्रजींनी एकोणिसाव्या शतकात या लेखातल्या अंकांचा अभ्यास केला. भारतातल्या सगळ्यात जुन्या अंकचिन्हांपैकी ही आहेत. त्यात 24,400 असा आकडा आहे. पण तो आपल्यासारखा लिहिलेला नाही, कारण शून्य नाही आणि स्थानानुसार किंमतही नाही. हजाराचं एक चिन्ह, त्याला विसाचं चिन्ह जोडलं की वीस हजार. त्याच हजाराला चाराचं चिन्ह जोडलं की चार हजार. मग चारशेचं वेगळं. सगळं शेजारी शेजारी मांडायचं आणि बेरीज करायची. शून्य नसताना माणसं एवढा मोठा हिशेब दगडात लिहीत होती. आणि मी त्याच्याकडे पाठ करून मोबाइलमध्ये नेटवर्क शोधत होतो.

घाटाच्या माथ्यावर दगडी रांजण आहे. व्यापारी कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांकडून माल घेऊन वर यायचे, आणि जकातीची नाणी त्यात टाकायचे अशी परंपरेने चालत आलेली गोष्ट. म्हणून नाणेघाट. हा रस्ता शतकानुशतकं चालू राहिला. जॉन फ्रायर नावाचा इंग्रज वैद्य 1670 च्या दशकात जुन्नरला आला होता. परतताना तो नाणेघाटाने उतरला, तेव्हा समोरून मीठ लादलेले सुमारे 300 बैल चढत होते. त्यांना वाट देत तो थांबून राहिला. मीठ वर, धान्य खाली. म्हणजे ट्रॅफिक जाम फक्त आमच्या नगर रोडची मक्तेदारी नाही!

तर, दुसऱ्यांदा मी मुद्दाम मे महिन्यात गेलो. गर्दी नव्हती, लेख नीट बघता आला. परत येताना घाटघरजवळच्या एका वाडीत एका आजींकडे पाणी मागितलं. त्यांनी तांब्या दिला. मी प्यायलो आणि उरलेल्या पाण्याने तोंड धुवायला लागलो. आजी रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "बाळा, पिण्यापुरतं घे. खालून आणलंय डोक्यावर."

मला कसंतरीच झालं. पावसाळ्यात याच जागी पाणी आकाशात उडताना बघितलं होतं. पण कातळावरून ते थांबत नाही, सगळं खाली जातं. खाली माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे अशी कुकडी प्रकल्पाची पाच धरणं आहेत. त्या पाण्यावर जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, पार करमाळ्यापर्यंत ऊस आणि कांदा उभा राहतो. आमच्या भागातली हिरवळ या डोंगराची आहे. आणि डोंगरातल्या काही वाड्यांना उन्हाळ्यात हंडा घेऊन चालावं लागतं. इरिलने दोन टाकी खोदून आपलं नाव का लिहून ठेवलं असेल, ते मला त्या तांब्याने समजावलं.

म्हणून तुमच्यासाठी माझी यादी छोटी आहे. धबधबा बघायचा तर पावसाळ्यात जा, पण कड्याच्या टोकापासून लांब राहा. इतिहास बघायचा तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा. दम असेल तर गाडीने माथ्यावर न जाता माळशेज रस्त्यावरच्या वैशाखरे गावाजवळून चढून या, फ्रायर उतरला तीच वाट. दुपारी दोननंतर चढायला सुरुवात करू नका. रात्री उसाच्या कडेने पायी फिरू नका, हा बिबट्यांचा तालुका आहे. लेण्यांच्या भिंतीला हात लावू नका, त्यावर नाव कोरू नका. तिथे नाव लिहायचा हक्क टाकं खोदणाऱ्याचा. गडावरच्या टाक्यात पाय बुडवू नका. आणि पाणी घरून न्या, जरा जास्तच न्या.

मी आता दोन बाटल्या जास्त नेतो. मागच्या वेळी त्या वाडीत गेलो तेव्हा आजींना एक द्यायला लागलो. त्यांनी घेतली नाही. उलट विचारलं, "चहा टाकू का?"

एवढंच आजच्या भागात. रांजणगावला आलात तर देवळात दर्शन घ्या आणि मग नदी पकडून वर जा. भेटू पुढच्या भागात.