आयरिश स्थलांतरितांचा पूर्वजशोध

आयरिश स्थलांतरितांचा पूर्वजशोध : आयर्लंडमधून अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया इ. देशांत गेलेल्या व्यक्तींचे मूळ गाव आणि कुळ, धर्मसंस्थांच्या नोंदवह्या व मुलकी नोंदणीचे दप्तर यांच्या आधारे निश्चित करण्याची पद्धती. १८४५ ते १८५२ या काळातील बटाट्याच्या रोगामुळे ओढवलेल्या महादुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मृत्युमुखी पडली व त्याहून काहीशी अधिक देश सोडून गेली, असा सर्वसाधारण अंदाज आहे. १८४१ च्या शिरगणतीत सुमारे ८१,७५,००० भरलेली लोकसंख्या १८५१ मध्ये सुमारे ६५,५२,००० वर आली. दुष्काळ सरल्यानंतरही हा ओघ अनेक दशके थांबला नाही. या स्थलांतरितांच्या वंशजांना आजी-आजोबांचा आयर्लंडमधील जन्म कागदोपत्री सिद्ध करून आयरिश नागरिकत्व मिळविता येत असल्यामुळे, केवळ कुलाभिमानाचा समजला जाणारा हा विषय अलीकडे व्यवहाराचाही झाला आहे.

स्थळनिश्चिती : आयर्लंडची विभागणी चार प्रांत, बत्तीस परगणे, त्यांखाली बॅरनी, मुलकी पॅरिश आणि सर्वांत खाली टाऊनलँड अशी आहे. टाऊनलँड म्हणजे स्वतंत्र नाव असलेला जमिनीचा लहानसा तुकडा. तेथे वस्ती असेलच असे नाही, आणि असे तुकडे ६०,००० हून अधिक आहेत. १८५१ च्या शिरगणतीवर आधारलेली त्यांची वर्णानुक्रम सूची १८६१ मध्ये प्रसिद्ध झाली व अभ्यासकाच्या हाताशी ती सदैव असावी लागते, कारण एकच नाव कित्येक परगण्यांत आढळते. त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्याय यजमानाचे नाव ऐकून घेण्यापूर्वी मूळ गाव विचारतो, तोच क्रम येथेही पाळावा लागतो. मर्फी, केली, सलिव्हन, वॉल्श यांसारखी आडनावे इतकी सार्वत्रिक आहेत की, एवढ्या आधारावर आयर्लंडच्या दप्तरात शिरणारा शोधक एकाच नावाच्या शेकडो माणसांत हरवतो. सरनिबंधक कार्यालयातील रॉबर्ट मॅथेसन याने १८९० मधील जन्मनोंदींवरून आडनावांचा प्रादेशिक विस्तार दाखविणारा जो अहवाल १८९४ मध्ये प्रसिद्ध केला, तो परगण्याचा तर्क बांधण्यास उपयोगी पडतो. टाऊनलँड मात्र त्यावरून सापडत नाही. ‘ओ’ व ‘मॅक’ ही उपपदे कधी गळतात, कधी पुन्हा जोडली जातात. ब्रिजेट नावाची मुलगी अमेरिकेत डेलिया म्हणून वावरते. आणि निरक्षर मनुष्याचे आडनाव कारकुनाच्या कानाला जसे वाटले तसे लिहिले जाते. यास्तव, आडनावाच्या वर्णलेखनात फरक दिसतो एवढ्यावरून एखादी नोंद टाकून देणे अयोग्य होय.

गंतव्य देशांतील पुरावा : मूळ गावाचा उल्लेख आयर्लंडमध्ये शोधण्यापूर्वी, मनुष्य जेथे जाऊन वसला व मेला त्या देशात शोधावा, हे या पद्धतीचे मुख्य सूत्र होय. नवागत शोधक याच्या उलट वागतो व जहाजांच्या उतारूयाद्यांस अवाजवी महत्त्व देतो. अमेरिकेत १८१९ च्या कायद्यान्वये १८२० पासून अशा याद्या दाखल होऊ लागल्या. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या बहुतेक काळात त्यांतील जन्मस्थानाच्या रकान्यात ‘आयर्लंड’ एवढेच आढळते. शिवाय पुष्कळसे आयरिश उतारू प्रथम लिव्हरपूलला जाऊन तेथून जहाजावर चढत असल्याने निघण्याच्या बंदरावरूनही प्रदेशाचा तर्क करता येत नाही. ब्रिटिश बंदरांतून बाहेर गेलेल्यांच्या उपलब्ध याद्या १८९० पासूनच्या आहेत.

याउलट, वरवर क्षुल्लक भासणारी कागदपत्रे फार बोलकी ठरतात. न्यूयॉर्क येथे १८५० मध्ये स्थापन झालेल्या एमिग्रंट सेव्हिंग्ज बँकेने ठेवीदाराची ओळख पटविण्यासाठी त्याचे जन्मस्थान, आगमनाचे वर्ष, जहाज, आईबाप व भावंडे यांची माहिती वह्यांत उतरवून ठेवली. पैसे काढण्यास तोतया आला तर त्याला पेचात पकडावे, एवढाच त्यामागील हेतू. पण त्यामुळे दुष्काळग्रस्त कुटुंबांची जी तपशीलवार हकिकत सुरक्षित राहिली, ती दुसरीकडे क्वचितच मिळते. ‘बॉस्टन पायलट’ या कॅथलिक वृत्तपत्रात १८३१ पासून विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत हरवलेल्या आप्तांच्या शोधाच्या जाहिराती छापल्या जात. अमुक परगण्यातील अमुक पॅरिशचा मनुष्य अमुक साली उतरला, पुढे लोहमार्गाच्या कामावर गेला, आता त्याची बहीण त्याचा ठावठिकाणा विचारीत आहे, अशा धर्तीच्या या मजकुरात मूळ गाव बहुधा असतेच. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया वसाहतीचे १८५३ नंतरचे मृत्युदाखले आईबापांची नावे व जन्मस्थान देतात. स्कॉटलंडमध्ये १८५५ पासूनच्या मृत्युदाखल्यांत आईबाप दोघांचीही नावे येतात. अमेरिकन नागरिकत्वाच्या अर्जांत जन्मतारीख व जन्मगाव यांचा तपशील १९०६ च्या कायद्यानंतरच नियमितपणे मिळतो. थडग्यावरील लेख, मृत्युवृत्ते आणि लग्नातील साक्षीदारांची नावे यांचीही दखल घ्यावी. एका टाऊनलँडचे शेजारी परदेशातही एकमेकांच्या मुलांचे धर्मपिता होत.

कॅथलिक नोंदवह्या : मुलकी नोंदणी सर्वांस लागू होण्यापूर्वीच्या, म्हणजे १८६४ पूर्वीच्या बहुसंख्य आयरिश जनतेचा जवळजवळ एकमेव व्यक्तिगत पुरावा म्हणजे कॅथलिक पॅरिशांतील बाप्तिस्मा व विवाह यांच्या वह्या. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून लागू झालेल्या कॅथलिकविरोधी दंडात्मक कायद्यांमुळे कॅथलिक धर्मसंस्थेचे जीवन दीर्घकाळ दबलेले राहिले, आणि त्याचा परिणाम दप्तरावरही झाला. वेक्सफर्ड शहराच्या नोंदी १६७१ पासून आहेत. परंतु पश्चिमेकडील मेयो, डोनेगाल यांसारख्या परगण्यांत, म्हणजे ज्या मुलुखातून अत्यंत दरिद्री लोक बाहेर पडले तेथेच, अनेक वह्या १८२० नंतर, काही तर दुष्काळ उलटल्यावर सुरू होतात. म्हणजे ज्यांना या शोधाची सर्वाधिक गरज, त्यांच्याच वाट्याला सर्वांत तोकडे दप्तर आले.

बाप्तिस्म्याच्या नोंदीत दिनांक, मूल, आईबाप, दोन धर्मपालक आणि पुष्कळदा टाऊनलँड असते. आईचे माहेरचे आडनाव बहुधा दिलेले असते, व समान नावांच्या दोन कुटुंबांतील भेद त्यावरूनच कळतो. भाषा कोठे लॅटिन, कोठे इंग्रजी. लॅटिनमध्ये जेम्सचा जॅकोबस व विल्यमचा गुलिएल्मस होतो, आडनाव सहसा तसेच राहते. दफनाच्या नोंदी विरळा. विवाह सामान्यतः वधूच्या पॅरिशमध्ये होई व पहिले अपत्यही कित्येकदा आईच्या माहेरी जन्मे, त्यामुळे पतीच्या गावी शोधून हात रिकामा राहिल्यास शेजारच्या वह्या चाळाव्यात. जवळच्या नात्यातील विवाहास धर्माधिकाऱ्यांची सूट घ्यावी लागे, आणि काळजीपूर्वक लिहिणारा पाळक नात्याची पिढी नमूद करी : दुसरी पिढी म्हणजे वधूवरांचे आजोबा किंवा आजी समान, तिसरी म्हणजे पणजोबा किंवा पणजी समान. एका ओळीच्या अशा शेऱ्यावरून वह्यांच्या आरंभापूर्वीच्या दोन पिढ्यांचा संबंध जुळल्याची उदाहरणे आहेत.

१९०८ च्या ईस्टरपासून अंमलात आलेल्या ‘ने तेमेरे’ या पोपच्या फर्मानाने विवाहाची खबर वधूवरांच्या बाप्तिस्म्याच्या पॅरिशला कळविणे पाळकांवर बंधनकारक झाले. परिणामी आयर्लंडमधील एखाद्या खेड्याच्या वहीत, पंचवीसेक वर्षांपूर्वीच्या बाप्तिस्म्यासमोरील समासात, न्यूयॉर्कमध्ये अमुक चर्चमध्ये अमुकाशी विवाह झाला, असा शेरा आढळतो. स्थलांतरित व्यक्ती व मूळ नोंद यांचा संबंध इतक्या निःसंदिग्धपणे जोडणारा दुसरा पुरावा नाही. तथापि सर्वच पाळकांनी हे काम सारख्या दक्षतेने केले असे नव्हे. सुमारे १८८० पर्यंतच्या कॅथलिक वह्यांचे सूक्ष्मपट डब्लिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने विसाव्या शतकाच्या मध्यास घेण्यास प्रारंभ केला व त्यांच्या प्रतिमा जुलै २०१५ मध्ये सर्वांस विनामूल्य खुल्या केल्या.

चर्च ऑफ आयर्लंड : १८७१ पर्यंत हा राजमान्य पंथ असल्याने त्याच्या जुन्या वह्या सरकारी दस्तऐवज ठरल्या व त्यांपैकी पुष्कळ डब्लिनच्या सार्वजनिक अभिलेख कार्यालयात जमा करण्यात आल्या. तेथील वह्या १९२२ च्या आगीत जळाल्या; ज्या पॅरिशांनी त्या आपल्याच ताब्यात ठेवण्याची परवानगी मिळविली, त्यांच्या वाचल्या.

प्रेसबिटेरियन : मुख्यतः अल्स्टर, बेलफास्टच्या उत्तर आयर्लंड सार्वजनिक अभिलेख कार्यालयात प्रती.

क्वेकर : संख्येने अल्प, नोंदी सतराव्या शतकापासून उत्कृष्ट.

मुलकी नोंदणी : कॅथलिकेतर विवाहांची सरकारी नोंद १ एप्रिल १८४५ पासून, व सर्व जन्म, मृत्यू आणि कॅथलिक विवाह यांची १ जानेवारी १८६४ पासून होऊ लागली. त्यासाठी दरिद्री-साहाय्य कायद्याखालील ‘युनियन’ हेच नोंदणी-जिल्हे ठरविण्यात आले व त्यांच्या सीमा परगण्यांच्या सीमांशी जुळत नाहीत. विवाहनोंदीत वधूवरांच्या वडिलांची नावे व व्यवसाय असतात, वयाच्या जागी मात्र ‘सज्ञान’ एवढेच लिहून वेळ मारून नेलेली दिसते. मृत्युनोंदीत आईबापांचा उल्लेख नसतो, त्यामुळे आयर्लंडमधील मृत्युदाखला याच कामी स्कॉटिश दाखल्याच्या तुलनेने दुबळा ठरतो. आरंभीच्या काळात बरेच जन्म नोंदलेच गेले नाहीत. जे उशिरा नोंदले, त्यांतील कित्येकांत मुदत उलटल्याचा दंड चुकविण्यासाठी जन्मतारीख पुढे ढकललेली असते, आणि म्हणून मुलाचा बाप्तिस्मा त्याच्या जन्माआधी झालेला कागदावर दिसला तर चर्चची तारीख ग्राह्य धरावी.

शिरगणती व तिचे पर्याय : १८२१, १८३१, १८४१ व १८५१ च्या शिरगणतीचे मूळ कागद ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धाच्या प्रारंभी, सार्वजनिक अभिलेख कार्यालय असलेल्या डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालय-संकुलातील स्फोटात व आगीत काही तुकडे वगळता जळाले. स्फोटाच्या दोषाबद्दल मतभेद आहेत. १८६१ व १८७१ चे कागद सरकारी हुकमानेच पूर्वी नष्ट केले गेले होते, आणि १८८१ व १८९१ चे पहिल्या महायुद्धाच्या काळात रद्दीत गेले. सर्वच हानी त्या आगीच्या माथी मारण्याची प्रथा त्यामुळे बरोबर नाही. १९२२ पूर्वीच्यांपैकी संपूर्ण उपलब्ध आहेत त्या १९०१ व १९११ च्या शिरगणती. वृद्धांचे वय या दहा वर्षांत कधीकधी दहाहून अधिक वर्षांनी वाढलेले आढळते. १९०८ च्या कायद्याने सत्तर वर्षांवरील व्यक्तींस वृद्धवेतन लागू झाले, हे त्याचे एक कारण असावे. मुलकी जन्मनोंद नसलेल्या, वृद्धवेतनाच्या अर्जदारांच्या वयाची खातरजमा करण्यासाठी १८४१ व १८५१ चे कागद तपासून जे उतारे काढले गेले, ते मूळ कागद भस्मसात झाल्यावरही शिल्लक राहिले.

शिरगणतीच्या अभावी महसुली कागदपत्रांचा आश्रय घ्यावा लागतो. चर्च ऑफ आयर्लंडला द्यावयाच्या दशांशाच्या आकारणीची पुस्तके (१८२३–३७) आणि रिचर्ड ग्रिफिथ याच्या देखरेखीखाली झालेली मालमत्तेची पाहणी (१८४७–६४) ही त्यांतील प्रमुख होत. ग्रिफिथच्या पाहणीत टाऊनलँडवार कूळ, त्याला जमीन देणारा, क्षेत्र व आकार दिलेला आहे; मात्र कुटुंबातील इतरांची नावे नाहीत. पाहणीनंतरच्या फेरफार-पुस्तकांत कुळाचे नाव खोडून दुसरे घातल्याचे वर्ष कळते, व ते मृत्यूचे किंवा प्रस्थानाचे वर्ष असण्याचा संभव असतो.

भारतातील आयरिश : ईस्ट इंडिया कंपनीच्या युरोपीय पलटणींत आयरिश शिपायांचा भरणा मोठा होता. मुंबई इलाख्यातील फ्युसिलियर्स पलटण १८८१ मध्ये मद्रासच्या पलटणीशी जोडली जाऊन रॉयल डब्लिन फ्युसिलियर्स बनली. मुंबई इलाख्यातील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची विवरणपत्रे (१७०९–१९४८) लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयातील इंडिया ऑफिस दप्तरात आहेत.

उपलब्धता : शंभर वर्षांहून जुने जन्म, पंचाहत्तर वर्षांहून जुने विवाह व पन्नास वर्षांहून जुने मृत्यू यांच्या मुलकी नोंदी आयरिश शासनाने २०१६ पासून टप्प्याटप्प्याने संगणकावर विनामूल्य पाहण्यास ठेवल्या. १९२२ मध्ये नष्ट झालेल्या दप्तराची, अन्यत्र उरलेल्या नकलांवरून केलेली आभासी पुनर्रचना डब्लिनच्या ट्रिनिटी महाविद्यालयाच्या पुढाकाराने जून २०२२ मध्ये खुली झाली. जळण्यापूर्वी तेथे काय काय होते हे साहाय्यक उपअभिलेखपाल हर्बर्ट वुड याने १९१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेवरून कळते.