लाल फडक्यातलं पुस्तक

आमच्या थोरल्या आईनं, म्हणजे थोरल्या चुलतीनं, मरेपर्यंत कपाळाचं कुंकू पुसलं नाही. चुलते मराठा पलटणीत होते. 1942 साली घरी कागद आला, त्यात ‘बेपत्ता’ एवढंच. मेला म्हणून कुणी लिहिलं नाही, मग बाईनं कुंकू का पुसावं? 1984 साली ती गेली तेव्हा गळ्यात काळी पोत होती.

हे सगळं डोक्यातून गेलं होतं. सहा वर्षांमागं शाळेच्या माळ्यावर जुन्या स्मरणिका झाडताना एका पानावर दोन ओळी दिसल्या. शेजारच्या गावचे एक आप्पा, चुलत्यांच्याच पलटणीतले, टोब्रूकला कैद होऊन इटलीत राहून आले आणि त्यांनी 1961 साली आपल्या आठवणींचं पुस्तक छापलं, असं त्यात होतं. वाचून अंगावर काटा आला. एवढ्या वर्षांत हे आपल्याला कुणी कसं सांगितलं नाही?

झालं, लागलो मागं. पुस्तक तालुक्याच्या एका छापखान्यात निघालेलं. तिथं आता फ्लेक्स छापतात. मालकाचा नातू म्हणाला, “काका, खिळे किलोवर भंगारात घातले, पुस्तकं कशाला ठेवतोय?” वाचनालयाच्या दाखल वहीत मात्र नोंद सापडली, किंमत सव्वा रुपया, आणि पुढं लाल शाईनं ‘गहाळ’. आप्पांच्या थोरल्या मुलाकडं गेलो. घर पाडून बांधताना ट्रंक रद्दीवाल्याला दिली म्हणाला. रद्दीवाल्याकडंही गेलो, त्याला काय आठवणार! दोन पावसाळे असेच गेले. आल्याची लागण, खुरपणी, वारंवार जाणारी लाइट, यातनं सवड काढून माणूस किती फिरणार?

शेवटी एका लग्नात कळलं, आप्पांची धाकटी लेक खटाव तालुक्यात दिलीय. गेलो. पंच्याहत्तरी ओलांडलेली बाई. देव्हाऱ्यात नवनाथाच्या पोथीखाली लाल फडक्यात पुस्तक. वरचं पान नाही, कडा वाळवीनं खाल्लेल्या, मागच्या पानावर खताच्या दुकानाची जाहिरात. म्हणाली, “मला कुठं वाचाया येतंय? आप्पांचं हाय, म्हणून हळदीकुंकू वाहती.” घरी न्यायला देईना. “हितं बसून वाचा, भाकरी घालीन.” मग दोन दिवस ओट्यावर बसून वाचलं, वहीत उतरवून घेतलं.

आप्पा चौथी शिकलेले. पण काय लिहिलंय! टोब्रूकचं पाणी खारट, चहात साखर घातली तरी मीठ लागायचं. माश्या एवढ्या की घास तोंडात घालताना हातानं वारायच्या. 20 जून 1942 ला पहाटे आधी विमानं आली, मग तोफा, मग रणगाडे, आणि ते आले नेमके मराठ्यांच्याच बाजूनं. दुसऱ्या दिवशी सगळ्या ठाण्यानं हत्यार टाकलं. तीस हजारांवर माणूस एका दमात कैद झाला. हे आकडे मी नंतर दुसरीकडं ताडून पाहिले, आप्पांनी काही फुगवलेलं नाही.

पुढं समुद्रापार इटलीत कैद. रेडक्रॉसच्या पार्सलातनं आटा-डाळ यायची, त्या दिवशी छावणीत दिवाळी. सप्टेंबर 1943 ला इटलीनं शस्त्रं खाली ठेवली तेव्हा पहारा ढिला झाला, आणि आप्पा डोंगरात पळाले. तिथल्या एका शेतकऱ्यानं त्यांना गोठ्यात लपवलं. कैदी धरून देणाऱ्याला जर्मनांचं 1,800 लिरांचं बक्षीस, लपवणाऱ्याला गोळी. तरी त्या घरच्या म्हातारीनं हिवाळाभर मक्याच्या पिठाचा घाटा खाऊ घातला. भाषा कळत नव्हती. आप्पांनी त्यांची द्राक्षं छाटली, बैलं सांभाळली. बैलाला हाक कुठल्याही भाषेत कळते, असं त्यांनी लिहिलंय. मी बैल राखलेला माणूस, मला ते पटलं.

पण मी शोधत होतो ते त्याच्या आधी, वाळवंटातल्या काटेरी तारेच्या कोंडवाड्यात होतं. जेमतेम दहा ओळी. रक्ती हगवणीनं एक पोरगा गेला. ‘कराडकडचा, डाव्या मनगटावर काकवीनं भाजल्याचा डाग.’ रात्रभर ज्वारीची भाकरी मागत होता. जाळायला लाकूड कुठलं, चौघांनी वाळूत पुरला. आप्पांनी नाव लिहिलेलं नाही.

चुलत्यांच्या डाव्या मनगटावर असा डाग होता, असं वडील सांगायचे. गुऱ्हाळावर काहील उतरताना भाजलेला. आता आमचा सगळा भागच गुऱ्हाळाचा, असा डाग दहा जणांच्या हातावर सापडंल. म्हणून हे चुलतेच, असं मी छातीवर हात ठेवून म्हणत नाही. वही मिटून बराच वेळ बसलो. बाईनं विचारलं, काय झालं? सांगितलं. तिनं गावाचं नाव पुन्हा विचारलं.

“तुमच्या गावाला आप्पा एकदा जत्रंला गेलं हुतं बगा. मी ल्हान हुती, संगं नेलं हुतं. एका घराम्होरं लई येळ हुबं ऱ्हायलं. आत एक बाई जात्यावर दळीत हुती. आप्पा मला म्हनलं, ‘चल माघारी.’ पानीबी प्यालं न्हाईत.”

“घर कसलं होतं?”

“दारात पिंपरनीचं झाड.”

आमच्या दारातली पिंपरणी 1993 च्या पावसाळ्यात पडली. मी तिला तेवढंच सांगितलं. तिनं पुस्तक कपाळाला लावलं, फडक्यात गुंडाळलं आणि पोथीखाली ठेवून दिलं.