मुलांच्या व्यायामाचा श्रीगणेशा

"मूल व्यायाम करीत नाहीं, काय करावें?" असा प्रश्न आमच्या बुलढाण्याचे पुष्कळ आईबाप मला विचारतात. मी एक सेवानिवृत्त शाळामास्तर. वैद्यकाचा मला अधिकार नाहीं. परंतु हा प्रश्न कांहीं आजचा नव्हे. मागच्या पिढ्यांनीं तो कसा सोडविला आणि आम्ही मास्तर मंडळी मध्यंतरीं कोठें चुकलों, तेवढें आज सांगावयाचें योजिलें आहे.

मारुतीचें देऊळ आणि त्याच्या जवळपास तालीम, ही जोडी महाराष्ट्रांत फार जुनी. सतराव्या शतकांत समर्थ रामदासांनीं कृष्णाकांठच्या मुलुखांत अकरा मारुती स्थापिले आणि बलोपासनेस भक्तीची जोड दिली, हें सर्वश्रुत आहे. वऱ्हाडांतल्या खेड्यांतही हाच परिपाठ होता. या तालमींत लहान मुलाचा शिरकाव कसा होई, हें पाहण्यासारखें आहे. प्रथम तें वडील भावाचें बोट धरून नुसतें पाहावयास जाई. मग हौद्यांतली तांबडी माती खणण्यास आणि तींत ताक, तेल व हळद कालविण्यास त्याचे हात लागत. हाच त्याचा पहिला व्यायाम. पण हा व्यायाम आहे असें त्याला कोणी सांगत नसे. त्यानंतर चारपांच जोर, चारपांच बैठका. वस्ताद स्वतः घाम गाळीत असे, म्हणून त्याचा शब्द चाले.

मल्लखांबाचा इतिहासही हेंच सांगतो. बाराव्या शतकांतील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' ग्रंथांत मल्लस्तंभाचा उल्लेख आहे. पुढें मागें पडलेली ही विद्या दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं बाळंभटदादा देवधर यांनीं पुन्हा उजेडांत आणिली. झाडावरच्या वानराच्या उड्या पाहून त्यांना ही युक्ति सुचली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, तिच्यांतलें मर्म खरें आहे. झाडावर चढणें ही मुलांची मूळचीच हौस. दादांनीं त्या हौसेला शिस्त लाविली. शिकविण्याचा क्रमही तसाच सावकाश. एरंडेल चोळलेल्या सागाच्या किंवा शिसवीच्या खांबाला मूल आधीं बिलगावयास शिकतें. साधी अढी पक्की झाल्यावांचून जाणता वस्ताद त्यास पुढचा प्रकार सांगत नाहीं.

इंग्रजी अमदानींत शाळांमध्यें कवायत आली. पुष्कळ ठिकाणीं ती पलटणींतून निवृत्त झालेल्या शिपायांकडे सोंपविलेली असे. हुकुमाबरोबर मुलें पाय आपटूं लागलीं. शिस्त आली, पण खेळ गेला. त्याहून वाईट गोष्ट ही कीं, शाळेंत उठाबशा म्हणजे शिक्षा, असें समीकरण होऊन बसलें. हा दोष मी दुसऱ्याच्या माथीं मारीत नाहीं. तो माझ्याच हातून घडला आहे.

नवा मास्तर असतांना, जिल्ह्यांतील एका खेडेगांवच्या शाळेंत, गृहपाठ न करणाऱ्या मुलास मी २५ उठाबशा काढावयास लावीत असें. वर्गांत एक कृश मुलगा होता. त्याच्या वांट्यास त्या बहुतेक रोज येत. पुढें मुलांच्या प्रकृतीची काळजी वाटून मींच सकाळचा व्यायामवर्ग काढला. पहिल्या दिवशीं बैठकांचा हुकूम देतांच तो मुलगा रडूं लागला आणि म्हणाला, "गुरुजी, आज मीं काय केलें?" श्रोतेहो, त्या प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. ज्या वस्तूची गोडी लावावयाची, तिलाच मीं दंड करून ठेविलें होतें.

त्या वेळीं मला आमच्या वऱ्हाडांतल्याच एका संस्थेचा इतिहास उपयोगीं पडला. १९१४ सालीं अमरावतीस अंबादासपंत व अनंतराव वैद्य या बंधूंनीं व्यायामशाळा काढली. तीच पुढें श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ या नांवानें देशभर प्रसिद्धीस आली. मंडळानें शिक्षकांसाठीं उन्हाळी वर्ग चालविले, म्हणजे मुलांच्या आधीं मास्तरांस मैदानांत उतरविलें. १९३६ सालीं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं याच मंडळाच्या पथकानें तेथें हुतूतूसारखे देशी खेळ करून दाखविले. औंध संस्थानचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांचेंही उदाहरण असेंच आहे. त्यांनीं संस्थानच्या शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले खरे. पण ते स्वतः नित्यनेमानें नमस्कार घालीत. राजा घालतो, मग प्रजेचीं मुलें कां घालणार नाहींत?

हें ध्यानीं घेऊन मीं वर्गांतील उठाबशांची शिक्षा कायमची बंद केली. सकाळच्या बैठकाही थांबविल्या, आणि महिनाभर केवळ खो-खो खेळविला. मीही धोतराचा काचा मारून धांवूं लागलों. मुलें पोट धरून हंसत. तो मुलगा प्रथम कडेला उभा राहून बाद झालेले गडी मोजी. एके दिवशीं एक गडी कमी पडला, तेव्हां तो कोणी न सांगतां पाटींत येऊन बसला. पावसाळा संपण्यापूर्वीं त्यानेंच मला विचारलें, "गुरुजी, बैठका पुन्हा केव्हां?"

मुलींना मात्र जुन्या तालमींचें दार बंद होतें, हें मान्य केलें पाहिजे. नागपंचमीचा झोका, फुगडी, झिम्मा एवढाच त्यांचा सणावारचा व्यायाम. संसाराला लागतांच बहुधा तोही सुटे. आज दोरीच्या मल्लखांबावर मुली लीलेनें चढतात. जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीस खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली, तींत आपल्या पुरुषांबरोबर महिलांच्या संघानेंही अजिंक्यपद मिळविलें. ज्या जिल्ह्यांत सिंदखेड राजा हें जिजाऊंचें जन्मस्थान आहे, तेथें तरी घरच्या मुलीनें ओट्यावर बसून भावाचा खेळ पाहूं नये.

५ ते १७ वर्षांच्या मुलांची दिवसाकाठीं सरासरी ६० मिनिटें दमछाक होईल अशी हालचाल व्हावी, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं सांगितलें आहे. हा आंकडा ऐकून पालकांनीं दचकूं नये. शाळेला पायीं जाणें, अंगणांतली लगोरी, दोरीवरच्या उड्या, हीं सर्व त्यांतच येतात. आरंभ दहा मिनिटांनीं करावा, पण वेळ ठरलेली असावी. सोबतीला एखादें शेजारचें मूल असावें. पहिले कांहीं दिवस आईनें किंवा वडिलांनीं बरोबर उतरावें. खुर्चींतून हुकूम सोडूं नयेत. शेजारच्या मुलाशीं तुलना करूं नये. काल तीन नमस्कार झाले, आज चार झाले, एवढेंच कौतुक पुरे.

आणि एक गोष्ट कटाक्षानें पाळावी. चुकलेल्या मुलास दुसरें काय सांगावयाचें तें सांगा. उठाबशा मात्र काढावयास लावूं नका. माझ्या त्या विद्यार्थ्याचे अश्रु मला अजून आठवतात. ते आपल्या घरीं कोणाच्या डोळ्यांत येऊं नयेत, एवढ्याचसाठीं हें सांगितलें.