आर.पी.जी. : नावातली भूमिका

‘रोल-प्लेइंग गेम’ या नावातली भूमिका शोधू लागलो, तर पहिल्याच पेटीवर ती मिळेना. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला, तो कागद-पेन्सिल आणि छोट्या पुतळ्यांनिशी खेळायच्या मध्ययुगीन युद्धखेळांचे नियम म्हणून. नवं एवढंच, की सैन्याऐवजी प्रत्येकाच्या वाट्याला एकच पात्र आलं. ते काय करू पाहतं हे खेळाडूने तोंडाने सांगायचं. साधलं की फसलं हे फासे आणि पंच ठरवणार. ‘रोल-प्लेइंग’ हे नाव मागाहून रुळलं.

संगणकावर तो पंच आणता येईना. आले ते आकडे : बळ, उरलेले प्राण, अनुभवाचे गुण, चढत्या पातळ्या. इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो यंत्रणेवर १९७५ च्या सुमारास विद्यार्थ्यांनी असे खेळ लिहिले. १९८१ मध्ये ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ बाजारात आले. पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ मला इथेच दिसतं. पाटी भूमिकेची राहिली, दुकानात मात्र खतावणी.

या दोन खेळांनी भारावलेल्या युजी होरी यांनी १९८६ मध्ये फॅमिकॉमसाठी ‘ड्रॅगन क्वेस्ट’ रचला. हातात की-बोर्ड नाही, मोजकीच बटणं. म्हणून आज्ञा यादीतून निवडायच्या, हिशेब सोपा करायचा आणि गोष्ट पुढे आणायची. जपानात याला नुसतंच ‘आर.पी.जी.’ म्हणत. आधीचं ‘जे’ हे अक्षर बाहेरच्यांनी चिकटवलं. ‘फायनल फँटसी १६’चे निर्माते नाओकी योशिदा यांनी २०२३ मध्ये बोलून दाखवलं, की हा शब्द पहिल्यांदा कानी आला तेव्हा त्यांना आणि सहकाऱ्यांना तो भेदभावाचा वाटला होता. मला त्यांचं म्हणणं पटतं. हे अक्षर देशाचं नाव सांगत नाही, साचा सांगतं. ‘डार्क सोल्स’ (२०११) अस्सल जपानी, पण त्याला सहसा कुणी ‘जे.आर.पी.जी.’ म्हणत नाही. टोबी फॉक्स या अमेरिकन माणसाच्या ‘अंडरटेल’ला (२०१५) मात्र अनेकजण बिनदिक्कत त्या रांगेत बसवतात.

‘सी.आर.पी.जी.’ची गत वेगळी नाही. ‘सी’ म्हणजे कॉम्प्युटर, आणि त्याच वर्गातला ‘बाल्डर्स गेट ३’ लोक दिवाणखान्यात टी.व्ही.समोर बसून खेळतात! १९८० च्या ‘रोग’वरून पडलेल्या ‘रोगलाइक’ नावासाठी तर २००८ मध्ये बर्लिनला परिषदेत लक्षणांची यादीच केली गेली : मेलं की मुळापासून सुरुवात, भुयार दरवेळी नवं, वगैरे. तरी वाद मिटला नाही; यादीत न बसणाऱ्यांसाठी ‘रोगलाइट’ आलं.

मराठीत ‘भूमिका’ म्हणजे नटाचं पात्र, आणि घेतलेली बाजूही. ‘डिस्को एलिझियम’ (२०१९) या एस्टोनियात जन्मलेल्या खेळात मला दोन्ही अर्थ एकत्र भेटले. लढाईची वेगळी यंत्रणाच नाही. नायकाची २४ कौशल्यं आकड्यांतच मोजली जातात, पण ती त्याच्या डोक्यात बोलतात, एकमेकांना खोडून काढतात, आणि कुणाचं ऐकायचं ते खेळणाऱ्याने ठरवायचं.